खो मिळेपर्यंत

खो-खोचा सामना पहिल्यांदाच पाहणाऱ्याला एक गोष्ट चमत्कारिक वाटते. पाठलाग करायचा आहे म्हणतात, आणि नऊ जणांतले आठ तर बसलेले! धावतोय एकटाच. पण जरा जवळ जाऊन पाहा. बसलेल्याची टाच उचललेली असते, बोटं मातीला टेकलेली, अंग पुढं झुकलेलं आणि कान मागं लागलेले. पाठीवर थाप पडली, 'खो' ऐकू आला की तो ज्या वेगानं सुटतो तो वेग त्या बसण्यातच साठवलेला असतो. चुकीचा बसलेला गडी चुकीचाच उठतो. म्हणून खो-खोत बसणंसुद्धा शिकवावं लागतं.

बाकीच्या बहुतेक खेळांत मात्र बसणं म्हणजे खेळाबाहेर असणं. 'त्याला बाकावर बसवला' हे वाक्य आपण शिक्षा सांगावी तसं उच्चारतो. बास्केटबॉलमध्ये पाच जण खेळतात आणि उरलेले मैदानाच्या कडेला खुर्च्यांच्या रांगेत बसतात. प्रेक्षकांची नजर त्या रांगेकडे सहसा जात नाही. पण त्या रांगेत आणखी एक माणूस बसलेला असतो, आणि तो म्हणजे प्रशिक्षक. त्याच्या हातात चेंडू कधीच येणार नसतो. जे करायचं ते त्यानं दुसऱ्यांकडून करून घ्यायचं असतं, आणि तेही बसून. एवढं ध्यानात घेतलं की पुढचा प्रश्न आपोआपच येतो. बसायचंच असेल, तर ते आयुष्यभर धावलेल्याला जास्त जमेल की आयुष्यभर बसलेल्याला?

या प्रश्नाचा विचार करताना मला स्टीव्ह कर हा माणूस सोयीचा वाटतो. अमेरिकेच्या एनबीएमध्ये तो पंधरा हंगाम खेळला. 910 सामने, सामन्यामागे सरासरी सहा गुण. एनबीएचा सामना 48 मिनिटांचा असतो आणि त्यातली अठराच्या आत मिनिटं त्याच्या वाट्याला येत. म्हणजे उरलेली तीस मिनिटं तो खुर्चीत होता. या हिशेबानं त्याची कारकीर्द खेळण्यापेक्षा बसण्याचीच जास्त भरते. तरीही खेळाडू म्हणून त्याच्याकडे पाच विजेतेपदं आहेत आणि प्रशिक्षक म्हणून आणखी चार.

त्याचा जन्म 1965 मधला, बैरूतचा. आजी-आजोबा आर्मेनियन अनाथांच्या मदतकार्यासाठी त्या भागात गेले आणि पुढं बैरूतलाच राहिले. वडील माल्कम कर यांचा जन्मही तिथलाच. अरब राजकारणाचे ते नावाजलेले अभ्यासक. कॅलिफोर्नियात ते यूसीएलए विद्यापीठात शिकवत, त्या काळात लहानगा स्टीव्ह तिथल्या बास्केटबॉल संघाचा 'बॉल बॉय' होता, मैदानाच्या कडेला बसून सुटलेले चेंडू गोळा करणारा पोरगा. बसण्याची सुरुवात इतक्या आधीपासूनची.

अंगानं किरकोळ, उडी बेताची, वेग त्याहून बेताचा. महाविद्यालयीन संघांना असा मुलगा नकोच असतो. 1983 मध्ये ॲरिझोना विद्यापीठात ल्यूट ओल्सन नवे प्रशिक्षक म्हणून आले. आदल्या हंगामात चारच सामने जिंकलेला संघ त्यांच्या पदरात पडला होता. त्यांच्याकडे एक जागा शिल्लक होती, ती अगदी शेवटच्या घडीला स्टीव्हला मिळाली.

माल्कम कर त्याआधीच, 1982 मध्ये, बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले होते. लेबनॉनमधल्या यादवीचा काळ होता तो. 18 जानेवारी 1984 रोजी त्यांच्या कार्यालयाबाहेर दोन बंदूकधाऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. स्टीव्ह तेव्हा अठरा वर्षांचा. विद्यापीठाच्या टूसॉनमधल्या वसतिगृहात अपरात्री फोन वाजला तेव्हा त्याला कळलं. आई आणि भावंडं जगाच्या वेगवेगळ्या टोकांना. दोनच दिवसांनी ॲरिझोना स्टेटविरुद्ध सामना होता आणि त्यानं खेळायचं ठरवलं. सुरुवातीला सगळं सभागृह स्तब्ध उभं राहिलं, तेव्हा तो रडला. मग नेहमीसारखा बाकावर जाऊन बसला, कारण पहिल्या पाचांत तो नव्हताच. पहिल्या सत्रात केव्हातरी हाक आली. तो उठला, आणि मारलेला पहिलाच चेंडू जाळीत गेला. सात प्रयत्नांपैकी पाच सफल, 12 गुण.

हा प्रसंग 'दुःखावर मात' या मथळ्याखाली पुष्कळदा सांगितला गेला आहे. मला त्यात मात वगैरे दिसत नाही. दिसतो तो अठरा वर्षांचा मुलगा, ज्याला त्या दिवशी करण्यासारखी एकच गोष्ट ठाऊक होती: बसायचं, आणि हाक आली की उठायचं. चार वर्षांनी, 1988 मध्ये, त्याच ॲरिझोना स्टेटच्या मैदानावर सरावाच्या वेळी काही प्रेक्षकांनी त्याला वडिलांच्या खुनावरून चिडवलं. घोषणा इथं लिहाव्यात अशा नव्हत्या. त्यानं चेंडू खाली टाकला आणि बाकावर जाऊन बसला. डोळे भरून आलेले. सामना सुरू झाल्यावर पहिल्या सत्रात त्यानं तीन गुणांच्या रेषेपलीकडून सहा चेंडू मारले आणि सहाही आत गेले.

बाक तीन-चार गोष्टी एकाच वेळी शिकवतो आणि त्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की सुट्या काढून दाखवणं अवघड. एक तर थंड हात. अर्धा तास बसलेल्या माणसाचे स्नायू आखडतात. अशा अंगानं उठून तेवीस-चोवीस फुटांवरून अचूक नेम मारायचा, आणि नेम चुकला तर पुन्हा बसायचं. मुख्य खेळाडूला पहिले चार चेंडू वाया घालवून लय सापडेपर्यंत थांबायची मुभा असते. राखीव खेळाडूला पहिला चेंडू हाच शेवटचा असू शकतो. अशा अटीवर खेळून स्टीव्हनं तीन गुणांच्या फटक्यांत 45.4 टक्के यश मिळवलं. एनबीएच्या इतिहासात कारकिर्दीची एवढी टक्केवारी दुसऱ्या कुणाची नाही.

दुसरी गोष्ट, बसलेल्याला खेळ दिसतो. धावणाऱ्याला समोरचा माणूस दिसतो, बसलेल्याला दहाही. कोण दमलाय, कोण रुसलाय, पास कुणाला मिळत नाही आणि का मिळत नाही, हे कडेवरून दिसतं तसं आतून दिसत नाही. आणि तिसरी, सगळ्यांत अवघड: आपल्यावाचून संघ जिंकतोय हे पाहत, खरोखर आनंदानं टाळ्या वाजवणं. हे ज्याला साधत नाही तो बाकावर आंबतो. असे आंबलेले खेळाडू कुठल्याही संघात सापडतील, म्हणून नुसतं बसणं पुरेसं नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. पुढं याकडे परत यायचं आहे.

एनबीएच्या 1988 च्या खेळाडू-निवडीत स्टीव्हचं नाव पुकारलं गेलं ते पन्नासावं. फिनिक्स, क्लीव्हलँड, ओरलँडो असं हिंडत 1993 मध्ये तो शिकागो बुल्समध्ये पोचला. प्रशिक्षक फिल जॅक्सन. हा माणूसही न्यूयॉर्क निक्सच्या बाकावरच वाढलेला. मायकेल जॉर्डन तेव्हा निवृत्त होऊन बेसबॉलकडे वळला होता. तो परतल्यावर, 1995 च्या सराव शिबिरात, दोघांची जुंपली. जॉर्डन टोचून बोलत होता, स्टीव्हनं उलट उत्तर दिलं. एक धक्का, मग दुसरा, आणि शेवटी जॉर्डनचा ठोसा त्याच्या डोळ्याखाली. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूपुढं संघातल्या सगळ्यांत हडकुळ्या गड्यानं उभं राहावं, हे शहाणपणाचं नव्हतं. जॉर्डननं नंतर फोन करून माफी मागितली. पुढं दोघांचं जमलं. बाकावरचा माणूस लाचार नसतो, एवढं त्या ठोशानं जॉर्डनला कळलं असावं, असा माझा तर्क.

त्याचा उपयोग 13 जून 1997 रोजी झाला. अंतिम मालिकेतला सहावा सामना, समोर यूटा जॅझ, धावफलक 86–86. अर्ध्या मिनिटाच्या आतला वेळ उरलेला. टाइमआउटमध्ये जॉर्डन स्टीव्हला सांगतो, जॉन स्टॉक्टन तुला सोडून माझ्या अंगावर येईल, तू तयार राहा. हे दृश्य कॅमेऱ्यात टिपलं गेलं आहे. खुर्चीत बसलेला स्टीव्ह मान डोलावत म्हणतो की मी तयार आहे. झालंही तसंच. स्टॉक्टन वळला, जॉर्डननं चेंडू सोडला आणि स्टीव्हनं तो थांबवला, उडी घेतली, फेकला. पाच सेकंद बाकी. 88–86. जॅझचा पुढचा पास स्कॉटी पिपेननं तोडला, टोनी कुकोचनं आणखी दोन गुण जोडले आणि विजेतेपद बुल्सचं. जॉर्डनचा तो पास मला नेहमी पाठीवर पडलेल्या थापेसारखा वाटतो. विजयसभेत स्टीव्हनं शिकागोकरांना मिस्कीलपणे वेगळीच हकीकत सांगितली: शेवटचा चेंडू तू मार असं फिलनं मायकेलला सांगितलं, पण मायकेल म्हणाला, अशा प्रसंगी माझा धीर सुटतो, तेव्हा म्हटलं, यालाही आपणच सांभाळून घ्यावं. जॉर्डनसकट सगळे हसले.

त्यानंतर सॅन अँटोनियोत ग्रेग पोपोविचच्या हाताखाली. 2003 च्या मे महिन्यात, डॅलसविरुद्ध, पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीतला सहावा सामना. सदतिशीतला स्टीव्ह त्या प्लेऑफमध्ये जवळजवळ खेळलेलाच नव्हता. टोनी पार्करचं पोट बिघडलं, संघ मागं पडलेला, म्हणून पोपोविचनं त्याला उठवलं. तीन गुणांचे चार चेंडू त्यानं मारले आणि चारही आत. स्पर्सनी सामना 90–78 असा जिंकला आणि पुढं विजेतेपदही. त्या विजेतेपदावर तो निवृत्त झाला.

इथवर आलं की वाटतं, सिद्धान्त सिद्ध झाला: बाकावर बसा, प्रशिक्षक व्हा. तसं नाही. 2007 ते 2010 स्टीव्ह फिनिक्स सन्सचा महाव्यवस्थापक होता. भरधाव खेळणाऱ्या संघात त्यानं वय झालेल्या शकील ओनीलला आणलं, एक प्रशिक्षक नेमला आणि पहिल्याच हंगामाच्या मध्यावर त्याला काढलं. ते काम त्याला फारसं साधलं नाही, असंच म्हणावं लागेल. महाव्यवस्थापक मैदानाच्या कडेला बसत नाही, तो वरच्या दालनात बसतो, आणि ते बसणं वेगळं. शिवाय उलटी उदाहरणंही आहेत. बिल रसेलसारखा आपल्या काळातला सर्वांत मोठा खेळाडू एकाच वेळी खेळाडू आणि प्रशिक्षक राहिला, आणि 1968 व 1969 ची विजेतेपदं त्यानं दोन्ही भूमिकांत मिळवली. पण मॅजिक जॉन्सन 1994 मध्ये लेकर्सचा प्रशिक्षक झाला तेव्हा सोळा सामन्यांत कंटाळला. ज्याला चेंडू आपोआप कळतो, त्याला तो न कळणाऱ्याची अडचण कळत नाही. पोहता येणाऱ्याला बुडणाऱ्याचा राग यावा तसं काहीसं.

फारसं न खेळलेला माणूस उत्तम प्रशिक्षक होऊ शकतो, हे आपल्याकडे क्रिकेटमध्ये पुष्कळांनी पाहिलं आहे. रमाकांत आचरेकर प्रथम दर्जाचा एकच सामना खेळले. चंद्रकांत पंडित भारताकडून पाच कसोटी खेळला, यष्टीमागची जागा बहुतेक काळ किरण मोरेची. पुढं त्याच पंडितनं विदर्भाला लागोपाठ दोन वेळा रणजी करंडक जिंकून दिला, आणि मध्य प्रदेशाचा कर्णधार म्हणून 1999 मध्ये बंगळूरच्या ज्या मैदानावर अंतिम सामना हरला, तिथंच 2022 मध्ये प्रशिक्षक म्हणून त्याच संघाला जिंकवलं, तेही मुंबईविरुद्ध. असो, हे विषयांतर झालं.

2014 मध्ये स्टीव्ह गोल्डन स्टेट वॉरियर्सचा प्रशिक्षक झाला. त्याआधी प्रशिक्षकाचं काम त्यानं कधीच केलेलं नव्हतं. संघ वाईट नव्हता, आदल्या हंगामात 51 सामने जिंकलेला. पण कडेला बसायची सवय असलेल्या माणसाला एक आकडा दिसला: तीस संघांत सर्वांत कमी पास हा संघ देत होता. स्टेफन करीसारखा नेमबाज हाताशी असताना चेंडू एकेकाच्या हातात अडकून पडत होता. सामन्याला तीनशे पास, असं लक्ष्य त्यानं ठेवलं. जॅक्सनकडचं त्रिकोणी आक्रमण आणि पोपोविचकडचं सतत हलतं राहणं, दोन्हींतलं हवं ते त्यानं उचललं. चेंडू फिरू लागला की पाचही जण जागे राहतात, कारण पुढचा खो कुणाला मिळेल ते सांगता येत नाही.

मात्र खरी परीक्षा वेगळीच होती. आंद्रे इगुडाला हा ऑलिंपिक सुवर्णविजेता तोवर कारकिर्दीत 758 सामने खेळला होता आणि प्रत्येक सामन्यात पहिल्या पाचांत होता. स्टीव्हनं त्याला सांगितलं, यंदापासून तू बाकावरून येशील. तरुण हॅरिसन बार्न्सला सुरुवातीपासून खेळण्याचा फायदा होईल आणि दुसऱ्या फळीला तुझ्यासारखा जाणता हवा आहे. इगुडालाला ते गोड वाटलं नाही. पण त्यानं ऐकलं. मला वाटतं, हे वाक्य जॉर्डननं त्याला सांगितलं असतं तर ते आज्ञेसारखं वाटलं असतं. 910 सामन्यांतला बहुतेक वेळ बसलेल्या माणसानं सांगितलं, तेव्हा त्यात अपमान शोधणं अवघड गेलं असावं. वॉरियर्सनी तो हंगाम 67–15 असा गाजवला. इगुडालानं साखळीतला एकही सामना सुरुवातीपासून खेळला नाही.

अंतिम मालिकेत क्लीव्हलँडनं 2–1 अशी आघाडी घेतली. लेब्रॉन जेम्सला आवरायचं कसं? निक यूरेन नावाचा अठ्ठावीस वर्षांचा साहाय्यक होता. खेळाच्या चित्रफिती कापणं, सरावाला गाणी लावणं असली कामं त्याच्याकडे. रात्री जुने सामने पाहता पाहता त्याला सुचलं की उंच सेंटर अँड्र्यू बोगटला बसवावं आणि इगुडालाला पहिल्या पाचांत घ्यावं. संघातलं सगळ्यांत कनिष्ठ डोकं, वेळ मध्यरात्रीनंतरची. स्टीव्हनं ते ऐकलं. सकाळी पत्रकारांनी विचारलं तेव्हा बदल नाही म्हणून साफ खोटं बोलला आणि सामन्यानंतर ते कबूलही केलं. सामना सुरू होताच क्लीव्हलँडनं 7–0 अशी आघाडी घेतली, आणि शेवट झाला 103–82 असा, वॉरियर्सच्या बाजूनं. पत्रकार परिषदेत स्टीव्हनं श्रेय यूरेनला नाव घेऊन दिलं. मालिका 4–2. मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू: इगुडाला.

पुढच्याच हंगामात नियतीनं स्टीव्हला पुन्हा बसवलं. पाठीची शस्त्रक्रिया बिघडली, मणक्यातला द्राव पाझरू लागला, डोकेदुखीनं उभं राहवेना. पहिले 43 सामने त्याच्या जागी तरुण साहाय्यक ल्यूक वॉल्टन उभा राहिला. संघानं त्यांतले 39 जिंकले, त्यातही सुरुवातीचे चोवीस लागोपाठ. नियमानुसार ते सगळे विजय स्टीव्हच्या नावावर लिहिले गेले, त्याला त्याचं अवघडल्यासारखंच वाटे. प्रशिक्षक नसतानाही संघ धावतो, हा प्रशिक्षकाचा पराभव की त्याच्या कामाचा पुरावा? हंगामाअखेर आकडा झाला 73–9. मोडला गेलेला विक्रम 72–10 होता, 1995–96 च्या बुल्सचा. त्या बुल्सच्या बाकावर कोण बसलं होतं ते सांगायला नको. अंतिम मालिकेत मात्र 3–1 अशी आघाडी घेऊन संघ हरला.

फेब्रुवारी 2018 मध्ये त्यानं आणखी एक पाऊल टाकलं. संघ कंटाळलाय, आपला आवाज त्यांच्या कानांवरून जातोय, असं त्याला जाणवलं. मग फिनिक्सविरुद्धच्या सामन्यात त्यानं डावपेच आखायची पाटी खेळाडूंच्याच हातात दिली. टाइमआउटमध्ये इगुडाला, ड्रेमंड ग्रीन रेघोट्या ओढतायत आणि प्रशिक्षक गप्प. प्रतिस्पर्ध्यांपैकी काहींना हा अपमान वाटला. संघ 46 गुणांनी जिंकला, म्हणून त्यांचा राग अगदीच अनाठायी होता असंही म्हणवत नाही.

गप्प राहणं जमणारा हा माणूस 24 मे 2022 रोजी मात्र बोलला. टेक्सासमधल्या यूवाल्डी गावी शाळेत 19 मुलं आणि दोन शिक्षिका गोळीबारात मारल्या गेल्या होत्या. सामन्याआधीच्या पत्रकार परिषदेत त्यानं बास्केटबॉलबद्दल बोलायला नकार दिला. बंदुकांच्या कायद्यावर बसून राहिलेल्या सिनेटरांबद्दल बोलताना त्यानं टेबलावर हात आपटले, आणि उठून निघून गेला. बसून राहण्याचेही प्रकार असतात. त्यांतला हा प्रकार त्याला सोसत नाही.

या सगळ्यानंतरही बाकाचं कोडं त्याला सुटलंय असं समजू नये. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो अमेरिकेचा प्रशिक्षक होता. बारा तारे, सामना चाळीसच मिनिटांचा, आणि सगळ्यांना पुरतील एवढी मिनिटं नाहीत. जेसन टेटम दीडच महिन्यापूर्वी बोस्टनकडून एनबीए विजेता झालेला. सर्बियाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात स्टीव्हनं त्याला एक मिनिटही उतरवलं नाही. अशा खेळाडूला बसवताना आपण मूर्ख ठरतोय असं वाटतं, असं तो नंतर स्वतःच म्हणाला. उपांत्य फेरीत पुन्हा सर्बिया, आणि पुन्हा तेच. बसण्याचं दुःख ठाऊक असलं तरी दुसऱ्याला बसवणं चुकत नाही. अमेरिकेनं तो सामना 95–91 असा निसटता जिंकला, आणि अंतिम सामन्यात फ्रान्सला हरवून सुवर्णपदकही. ते टेटमच्याही गळ्यात पडलं. सर्बियाविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत त्याच्या नावापुढं, मिनिटांच्या रकान्यात, शून्य आहे.